सागवानी कपाटापासून दिवाणापर्यंत : घरातले मोठे सामान सुखरूप कसे हलवावे

मोठे सामान हमरस्त्यावर क्वचितच मोडते. ते मोडते जुन्या घराच्या उंबरठ्यावर, जिन्याच्या वळणावर आणि टेम्पोच्या फाळक्यापाशी, म्हणजे ज्या दहा-पंधरा पावलांकडे घाईच्या दिवशी कोणाचेच नीट लक्ष नसते तिथे. अंबाजोगाईच्या वाड्यातून छत्रपती संभाजीनगरच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात, तिथून बदलीमुळे नांदेडला आणि काही वर्षांनी पुन्हा माघारी, असे तीन वेळा बिऱ्हाड हलवल्यानंतर मी हे खात्रीने सांगू शकतो. पहिल्या वेळी आजोबांच्या सागवानी कपाटाचा पुढचा पाय ओसरीतच निखळला, कारण कपाट उचलायला चार माणसे जमेपर्यंत आम्ही थांबलो नाही आणि दोघांनी ते फरशीवरून ओढले. पाय बसवायला आलेल्या सुताराने त्या वेळी जे समजावून सांगितले, त्यावरच पुढच्या बहुतेक सूचना उभ्या आहेत.

कपाट, पलंग, टेबल या वस्तू वरून खाली येणारा भार सोसण्यासाठी घडवलेल्या असतात. भार पायांतून सरळ जमिनीत उतरतो आणि सांध्यांवर त्याचा ताण फारसा येत नाही. तीच वस्तू ओढली की वरचा भार पुढे जाऊ पाहतो, पाय मात्र फरशीच्या खाचेत किंवा उंबरठ्याला अडतो, आणि सहा इंचांचा तो पाय पहारीसारखे काम करून स्वतःच्याच सांध्याला उचकटतो. लाकूड शाबूत राहते, पण सांध्याची खाच फाटते. आणि फाटलेली खाच कितीही डिंक भरला तरी पहिल्यासारखी घट्ट होत नाही. म्हणून मोठे सामान हलवण्याचे सगळे कौशल्य सांध्यांवर आडवा ताण येऊ न देण्यात आहे. वस्तू रिकामी करावी, सुटण्यासारखे भाग सोडवावेत, जे सुटत नाहीत ते घट्ट बांधावेत आणि ओढण्याऐवजी उचलावे, या सर्वांचे कारण हेच आहे.

आधी मोजमाप

घर हलवण्याच्या किमान आठ दिवस आधी मोजपट्टी घेऊन दोन्ही घरांत फिरावे. जुन्या घरातून वस्तू कशी बाहेर येईल हे पाहण्याइतकेच ती नव्या घरात कशी शिरेल हेही पाहणे आवश्यक असते, आणि नेमके तेच बहुतेक जण विसरतात. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची लिहून घ्यावी. या तीन मापांपैकी लहान दोन मापे दारातून जाऊ शकली, तर वस्तू दारातून जाते. तिसरे, सर्वांत मोठे माप दाराला नडत नाही, पण दारापलीकडच्या वळणाला नडते. तीन फूट खोलीचा सोफा पावणेतीन फुटांच्या दारातून सरळ जाणार नाही, परंतु त्याची उंची अडीच फूट असेल, तर तो पाठीवर किंवा पुढच्या बाजूवर आडवा करून त्याच दारातून जातो.

दाराचे माप घेताना चौकटीच्या आतले मोकळे अंतर मोजावे. उघडलेली फळी स्वतःच इंच-दीड इंच जागा खाते, मूठ त्याहून अधिक अडते. गरज पडली तर बिजागरीचे स्क्रू काढून फळी तेवढ्यापुरती उतरवून ठेवावी. अर्ध्या तासाचे हे काम अनेकदा सोफ्याचे कापड आणि भिंतीचा रंग वाचवते. वाड्यांची दारे तर बुटकी आणि उंच उंबरठ्याची असतात, कारण माणसाने वाकूनच आत यावे अशी ती बांधलेली असतात. अशा दारातून उभे कपाट कधीच जात नाही. ते आडवे करून, उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना वाकळ टाकून, हातावर बाहेर काढावे लागते.

कपाट आडवे असताना खोलीत उभे करायचे असेल, तर आणखी एक हिशेब करावा लागतो. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाट उभे करताना त्याचा कर्ण छताखालून फिरतो, आणि तो कर्ण सुमारे सात फूट तीन इंच भरतो. खोलीचे छत साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर अडचण नाही. परंतु ज्या कोपऱ्यात सात फुटांच्या जेमतेम वर माळा काढलेला आहे तिथे सात फुटी कपाट बसेल असे कागदावर दिसते आणि प्रत्यक्षात ते तिथे उभे करता येत नाही. अशा वेळी ते मोकळ्या जागी उभे करून मग उचलून सरकवावे लागते, तेव्हाही वरच्या पंख्याचे पाते आणि माळ्याची कड यांचा अंदाज घ्यावा.

जिन्याच्या वळणासाठी एक सोपा उपाय आहे. कपाटाच्या किंवा दिवाणाच्या तळाच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद चिकटवून तयार करावा आणि जिन्यातील वळणावरच्या चौकात तो फिरवून पाहावा. कागद भिंतीला आणि कठड्याला न घासता फिरला, तर सामानही फिरण्याची शक्यता चांगली असते. फिरला नाही, तर वस्तू सोडवायची की दुसरा मार्ग शोधायचा हे आठ दिवस आधी ठरवता येते.

कोणती वस्तू सोडवावी, कोणती सोडवू नये

सर्वच फर्निचर सारखे नसते, आणि या बाबतीत सरसकट सल्ला घातक ठरतो. किनवटच्या जंगलपट्ट्यातला असो वा बाहेरचा, अस्सल सागवानाचा जुना पलंग बहुधा लोखंडी हुकांवर किंवा लाकडी खुंट्यांवर जोडलेला असतो. तो सोडवण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून तो निर्धास्त सोडवावा. हातोडा थेट लाकडावर मारू नये. मध्ये लाकडाचा तुकडा धरून हलक्या हाताने ठोके द्यावेत. जुन्या कपाटाच्या चौकटी मात्र खाचांत कायमच्या बसवलेल्या असतात, त्या उकलण्याचा प्रयत्न करू नये. त्यांचे खण, कप्पे आणि शक्य असल्यास दारे काढावीत, बाकीचा सांगाडा अखंड न्यावा.

प्लायवूडचे फर्निचर जपून सोडवले, तर दोन-तीन वेळा पुन्हा जोडता येते. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचे तसे नाही. त्यातला स्क्रू एकदा काढला की पुन्हा तितका घट्ट बसत नाही, दोनदा काढला तर भोकातून भुसाच बाहेर येतो. असे उंच कपाट अखंड हलवले तर वाकून सांधे सैल होतात आणि सोडवले तर भोके सैल होतात, म्हणून त्यात कमी नुकसानीचा मार्ग निवडावा लागतो. त्याच शहरात, त्याच मजल्यावर न्यायचे असेल, तर अखंड न्यावे. लांबचा प्रवास किंवा अरुंद जिना असेल, तर सोडवून फळ्या सपाट बांधाव्यात. पुन्हा जोडताना सैल भोकात लाकडी काडी डिंकात बुडवून बसवावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच स्क्रू फिरवावा. माझे प्रामाणिक मत असे की, पार्टिकल बोर्डाचे स्वस्त कपाट दोनदा हलवून झाले असेल, तर तिसऱ्यांदा त्याच्या वाहतुकीवर पैसे खर्च करण्यापेक्षा ते जुन्या गावीच कोणाला तरी देऊन टाकावे.

दिवाणाच्या पेटीतले सामान पूर्ण काढावे. ज्या पलंगाची वरची फळी गॅसच्या दट्ट्यांवर उचलली जाते, तो सोडवताना विशेष काळजी घ्यावी. गादी काढल्यावर त्या दट्ट्यांचा जोर फळीच्या वजनापेक्षा अधिक होतो आणि फळी एकदम उसळून हनुवटीवर बसू शकते. एकाने फळी पूर्ण उघडी धरून ठेवावी, दुसऱ्याने दट्टे दोन्ही टोकांनी काढावेत, मग फळी उतरवावी.

सोडवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढावेत. प्रत्येक भागाच्या न दिसणाऱ्या बाजूवर खडूने खूण करावी, जसे की ‘पलंग, डोक्याकडील, डावी’. स्क्रू, नट आणि बिजागऱ्या वस्तूवार वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत घालाव्यात, पिशवीत नावाची चिठ्ठी टाकावी आणि सर्व पिशव्या पाने, पेचकस, हातोडा यांसह एकाच डब्यात ठेवाव्यात. तो डबा टेम्पोत न चढवता स्वतःजवळ बाळगावा. पिशव्या त्या त्या फळीला चिकटपट्टीने लावण्याची पद्धत आहे, परंतु आपल्याकडच्या उन्हात चिकटपट्टीचा डिंक पॉलिशमध्ये उतरतो आणि काढताना पॉलिशचा पापुद्रा घेऊन निघतो.

सोडवतानाच वाळवीची तपासणी करावी. भिंतीला टेकलेल्या फळीवर मातीच्या बारीक रेषा दिसल्या, किंवा लाकडावर बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ती वस्तू उपचाराशिवाय नव्या घरात नेऊ नये. औषध मारून ती दोन-चार दिवस मोकळ्या हवेत ठेवावी आणि मगच बांधावी.

बांधणी

बांधणीसाठी महाग साहित्य लागत नाही. मोंढ्यात जुने बारदान सहज मिळते, घरात वाकळी आणि जुनी सुती लुगडी असतात, किराणा दुकानातून खोक्यांचा पुठ्ठा मिळतो. विकत घ्यायचे म्हटले तर फुग्यांचे प्लास्टिक, पन्हाळीचा पुठ्ठा, सुतळी आणि नायलॉनची दोरी एवढेच पुरते. त्यांचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. लाकडाला लागून नेहमी सुती कापड असावे, त्यावर पुठ्ठा किंवा वाकळ, आणि प्लास्टिक असलेच तर सर्वांत बाहेर. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. बंद टेम्पोत त्याहून अधिक उष्णता साठते, आणि पॉलिशला थेट गुंडाळलेले प्लास्टिक तिथे चिकटून त्याचे गोल गोल ठसे कायमचे उठतात. पावसाळ्यात ते आतला दमटपणा कोंडून धरते. बारदानही थेट पॉलिशवर लावू नये, कारण तागाचा धागा खरखरीत असतो आणि प्रवासभर तो घासत राहतो.

सर्वांत आधी कोपरे आणि पाय झाकावेत, कारण पहिला मार तिथेच बसतो. पुठ्ठ्याची चौपदरी घडी करून कोपऱ्यावर बसवावी आणि सुतळीने बांधावी. दारे आणि खण असलेल्या कपाटाची दारे बंद करून भोवती कापडी पट्टी गुंडाळावी. बंद दारे चौकटीला ताठ ठेवतात. दार उघडे लोंबत राहिले, तर बिजागरीही जाते आणि सांगाडाही वाकतो. लोखंडी कपाटाच्या बाबतीत किल्ली लावून ती कुलपातच ठेवणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. धक्क्याने किल्ली वाकते किंवा तुटते. दार कुलूपबंद करून किल्ली स्वतःकडे घ्यावी आणि वरून दोरीही बांधावी. आतल्या तिजोरीतले दागिने आणि कागदपत्रे आदल्या दिवशीच काढून घ्यावीत. लोखंडी कपाट आडवे ठेवण्याची वेळ आलीच, तर ते पाठीवर ठेवावे, दारांवर कधीही ठेवू नये.

आरसा, काचेचा टेबलचा माथा, संगमरवरी किंवा ग्रॅनाइटची फळी या वस्तू नेहमी कडेवर उभ्या न्याव्यात. आडवी धरलेली काच स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकते आणि एका खड्ड्यात जाते. उभी धरली तर तीच काच पुष्कळ धक्का सोसते. आरशावर चिकटपट्टीची फुली मारल्याने तो फुटायचा थांबत नाही, पण फुटलाच तर तुकडे विखुरत नाहीत, म्हणून फुली मारावीच. दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून बाहेरून मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहावे.

आपल्याकडच्या घरांतली धान्याची पत्र्याची कोठी विसरू नये. तिच्यात अर्धी ज्वारी असतानाच ती उचलली, तर तळाचा जोड उघडतो आणि धान्य सांडते. ज्वारी-गहू पोत्यांत भरून घ्यावे आणि रिकाम्या कोठीत उशा व अंथरुणे भरावीत. त्यामुळे पत्रा दबत नाही आणि जागाही वाया जात नाही. झोपाळ्याच्या कड्या व साखळ्या वेगळ्या बांधाव्यात, फळीबरोबर बांधल्या तर त्या फळीला ओरखडून काढतात.

यंत्रे

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून रिकामा करावा, बर्फ वितळू द्यावा, तळाच्या तबकातले पाणी काढावे आणि दार उघडे ठेवून आतला ओलावा जाऊ द्यावा. कप्पे काढून वेगळे बांधावेत. फ्रीज उभाच न्यावा आणि जिन्यात तिरका करावा लागला, तरी पंचेचाळीस अंशांपलीकडे झुकवू नये, कारण कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरण्याची शक्यता असते. नव्या घरात आल्यावर तो लगेच सुरू करू नये. तीन-चार तास उभा राहू द्यावा आणि वाटेत आडवा झाला असेल, तर पूर्ण एक दिवस थांबावे.

पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचे पिंप आत स्प्रिंगांवर लटकलेले असते. नवीन मशीन येते तेव्हा ते धरून ठेवणारे लांब बोल्ट मागच्या बाजूला असतात, ते जपून ठेवलेले असतील तर पुन्हा बसवावेत. हरवले असतील, तर कंपनीच्या सेवा केंद्रातून मागवावेत. टॉवेल कोंबून ही गरज पूर्ण भागत नाही. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये मात्र पिंपाभोवती जाड कापड भरल्यास पुरते. दोन्हींच्या नळ्यांतले पाणी काढून टाकावे.

लोखंडी कूलरची टाकी रिकामी करून गवताच्या जाळ्या काढाव्यात, पंप सोडवावा आणि पाते हलू नये म्हणून ते बांधावे. स्टँड वेगळे करावे. टीव्ही नेहमी उभा, दोन गाद्यांच्या मध्ये ठेवावा. एसी जाणकार कारागिराकडूनच काढून घ्यावा, म्हणजे त्यातला वायू बाहेरच्या यंत्रात साठवून घेता येतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असते. आधी उणे टोकाची तार काढावी, बॅटरी उभीच ठेवावी आणि अंथरुणांच्या जवळपासही ठेवू नये. भरलेले गॅस सिलिंडर सामानात चढवू नये. गाव बदलत असेल, तर ते वितरकाकडे जमा करून जोडणी बदलण्याचा कागद घ्यावा.

उचलणे

उचलणाऱ्यांत एकच जण बोलणारा असावा. ‘उचला’, ‘थांबा’, ‘ठेवा’ हे त्यानेच म्हणावे आणि इतरांनी ऐकावे. दोघे एकाच वेळी सूचना देऊ लागले, की एक बाजू आधी उचलली जाते आणि दुसऱ्याच्या कमरेवर सगळा भार येतो. पाठ न वाकवता गुडघ्यांत वाकावे, वस्तू छातीजवळ धरावी आणि वळायचे झाल्यास कंबर न फिरवता पावले टाकून वळावे. पायांत चप्पल नसावी, बूट असावेत. हा नियम पाळला जात नाही आणि बोटे चेंगरण्याच्या घटना मुख्यतः त्यामुळेच घडतात.

वस्तू धरायची ती सांगाड्याला. कपाटाच्या वरच्या नक्षीदार कमानीला, सोफ्याच्या हाताला, टेबलाच्या माथ्याला धरून उचलू नये, कारण हे भाग भार पेलण्यासाठी नसून वरून बसवलेले असतात. बाजेची रुंद सुती नवार दोन ठिकाणी वस्तूच्या तळाखालून घेतली, तर तिच्याइतका चांगला पट्टा विकत मिळणार नाही. ती हाताला काचत नाही, लाकडाला खरचटत नाही आणि बोटे तळाखाली अडकत नाहीत. गुळगुळीत फरशीवर थोडेसे सरकवणे अटळ असेल, तर चारही पायांखाली जुन्या वाकळीचे तुकडे ठेवून, वस्तूला वर न धरता शक्य तितके खाली धरून ढकलावे.

जिन्यात उंच वस्तू मागे तिरकी करून न्यावी, एकाने वरची कड आणि दुसऱ्याने खालची कड धरावी. भाराचा मोठा वाटा खालच्या पायरीवरच्या माणसाकडे येतो, म्हणून तिथे सर्वांत दणकट आणि अनुभवी माणूस असावा. त्याच्या मागे जिन्यात दुसरे कोणीही उभे राहू नये. मुलांना त्या वेळेपुरते शेजारी पाठवावे. सोफा दारातून जात नसेल, तर तो एका टोकावर उभा करून, पाठीचा कोपरा आधी आत घालून चौकटीभोवती आकड्यासारखा फिरवावा. आडवा अडलेला सोफा पुष्कळदा असा सहज आत येतो.

गॅलरीतून दोरीने सामान चढवण्याचा मोह तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर होतो. हे काम रोज करणारे हमाल असतील, दोर जाड व नवा असेल आणि कठडा काँक्रीटचा असेल, तरच त्याला होकार द्यावा. पातळ लोखंडी जाळीच्या कठड्यावर दोर घासून कपाट चढवू देऊ नये, मग कपाट सोडवावे लागले तरी चालेल.

हमाली आधी बोलून ठरवावी, त्यात मजले, जिना आणि जड वस्तूंची संख्या स्पष्ट असावी. महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे, ही गोष्ट घासाघीस करताना लक्षात असावी. वयाने मोठ्या हमालाला ‘मामा, जरा दमानं घ्या’ असे म्हणणाऱ्या घराचे सामान जपून उतरते हा माझा अनुभव आहे. उन्हाळ्यात काम पहाटे सहाला सुरू करून अकराच्या आत संपवावे, पाण्याचा माठ आणि गूळ हाताशी ठेवावा. दुपारच्या उन्हात तापलेले लोखंडी कपाट हातात धरवतही नाही.

गाडी भरणे

छोटा हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद असतो, भार साधारण पाऊण टन. दोन खोल्यांचे सामान त्यात बसते, पण साडेसहा फुटी पलंग आणि सोफा दोन्ही असतील तर पिकअप किंवा त्याहून मोठी गाडी घ्यावी. दोन फेऱ्या आणि कोंबाकोंबी यांत वाचलेले पैसे एका मोडलेल्या कपाटात जातात. गावाकडच्या घरासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली सोयीची वाटते, पण तिला धक्के फार बसतात. ती घ्यावीच लागली तर तळाशी कडब्याचा जाड थर द्यावा आणि त्यावर बारदान अंथरावे. पावसाळ्यात गाडी काळ्या मातीच्या अंगणात नेऊ नये. भरलेली गाडी तिथे रुतते आणि मग सामान भर चिखलात उतरवावे लागते. गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करून तिथपर्यंत फळ्या टाकाव्यात.

सर्वांत जड वस्तू, म्हणजे लोखंडी कपाट आणि फ्रीज, गाडीच्या पुढच्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवाव्यात, मध्ये वाकळ असावी. डावी-उजवी बाजू वजनाने सारखी राहील असे पाहावे. पलंगाच्या फळ्या आणि काचा बाजूच्या भिंतींना लावून कडेवर उभ्या कराव्यात आणि त्यांच्या मध्ये गाद्या घालाव्यात. सोफा पायांवर ठेवावा, त्यावर जड काही ठेवू नये. पुढचा एक भाग भरला की तो दोरीने बांधावा, मग पुढे सरकावे. सगळे भरून शेवटी एकच दोर आवळला तर आतले सामान मोकळेच राहते. दोर जिथे कडेवरून जातो तिथे पुठ्ठ्याची घडी ठेवावी. ढगाळ दिवस असो वा नसो, ताडपत्री घ्यावीच; ओलावा लागलेला पार्टिकल बोर्ड फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

गाडीत काय काय चढले याची यादी दोन प्रतींत करावी, आधीचे ओरखडे त्यात नोंदवावेत आणि चालकाची सही घ्यावी. वापरलेल्या घरगुती सामानाला वस्तू व सेवा कराच्या ई-वे बिलाची गरज नसते, तरी हैदराबादसारख्या परराज्यातल्या गावी जाताना ही यादी आणि बदलीच्या आदेशाची प्रत सोबत असलेली बरी. मागे सामानावर कोणालाही बसू देऊ नये.

पहिल्या वीस किलोमीटरनंतर गाडी थांबवून दोर तपासावेत. सामान खाली बसते आणि घट्ट बांधलेला दोरही ढिला पडतो. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कन्नडच्या घाटात उतरण्यापूर्वीही एकदा थांबावे. ऊस गाळपाच्या हंगामात लातूर, बीड आणि धाराशिव भागांत रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, अनेकांना मागे दिवे नसतात, म्हणून त्या काळात दिवसाच प्रवास करावा.

नव्या घरात

सामान पोहोचण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर कागद चिकटवून ‘लोखंडी कपाट’, ‘दिवाण’, ‘देव्हारा’ अशी जागा लिहून ठेवावी. हमाल दारात भार धरून उभे असताना घरात चर्चा सुरू झाली, की वस्तू दोनदा ठेवली आणि दोनदा उचलली जाते. मोठ्या वस्तू आधी आत घ्याव्यात आणि खोकी नंतर.

जागी ठेवल्यावर कपाटाचे दार अडत असेल, तर दार घासू नये. बहुतेक वेळा फरशी सपाट नसते आणि चौकट किंचित तिरकी बसलेली असते. ज्या पायाखाली पोकळी आहे तिथे लाकडाची पातळ पाचर घालावी, दार आपोआप बसते. पावसाळ्यात फुगलेला खणही जोराने ओढू नये. हवा कोरडी झाली की तो मोकळा होतो.

उंच कपाट वरच्या बाजूने भिंतीला लोखंडी पट्टीने जखडावे. लहान मूल खण धरून वर चढले, तर भरलेले कपाटही पुढे कलंडते. मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्याकडच्या जुन्या पिढीला वेगळा सांगावा लागत नाही, आणि २०२४ मध्येही हिंगोली, नांदेड, परभणी भागात धक्के जाणवले. पट्टी भिंतीत स्क्रूने आणि कपाटात मागच्या जाड चौकटीत बसवावी, पातळ पाठीच्या फळीत बसवू नये. झोपण्याच्या जागेच्या डोक्याशी उंच कपाट उभे करू नये.

पंधरा दिवसांनी पेचकस आणि पाना घेऊन पुन्हा एकदा सर्व सांधे फिरून पाहावेत. पलंगाचे हुक, दिवाणाचे नट आणि कपाटाच्या बिजागऱ्या प्रवासात सैल झालेल्या असतात आणि वापरात येऊ लागल्यावर त्यांची जागा ठरते. तेव्हा दिलेला अर्धा-पाऊण फेरा पुढची कित्येक वर्षे टिकतो.